धुळ्याच्या बाजारातला फोटो आणि माझा चेहरा

परवा व्हिडिओ कॉलवर तू मला विचारलंस, "आजी, त्या फोटोत तू अशी का बघतेयस?" मी म्हणाले, "डोळ्यांवर ऊन येत होतं गं." तुझा धाकटा भाऊ मागून ओरडला, "पण तू तर छत्रीखाली आहेस!" त्यानंतर कॉल बंद पडला. नेट गेलं नव्हतं. मीच बंद केला.

त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला हे लिहिते आहे. तुमचा बाबा वाचून दाखवेल. इंग्रजी मी तीसेक वर्षं शाळेत शिकवलं, तुम्हालाही तेच सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत लिहायला बसले की माझ्या हातून सगळं रजेच्या अर्जासारखं उतरतं, चूकसुद्धा नीटनेटकी दिसते. ही तशी दिसायला नको.

तुम्हाला दोन आज्या आहेत. जळगावला पिंप्राळ्यात राहणारी, बाबाची आई, ती मी. मला तुम्ही आजी म्हणता. धुळ्याला राहणारी, तुमच्या आईची आई, तिला तुम्ही माय म्हणता. हा शब्द तुम्हाला तिनं शिकवला नाही, तुमची आई तिला माय म्हणते म्हणून तुम्हीही म्हणायला लागलात. पण खरं सांगते, तुम्ही फोनवर "माय!" म्हणून ओरडता ना, ते मला टोचतं. "आजी" तुम्ही कधी ओरडत नाही. "आजी, कशी आहेस?" असं शहाण्यासारखं विचारता.

आता आमचं नातं कसं आहे तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मी मुलाची आई, ती मुलीची. आमच्याकडे अशा दोन विहिणींमध्ये मान मुलाच्या आईचा. लग्नात तिनं माझे पाय धुतले होते. तेव्हापासून आम्ही कुठेही बरोबर गेलो तरी ती माझ्या एक पाऊल मागे चालते. ताट आधी मला वाढते. तिच्या घरी मी इतक्या वेळा गेले, पण चहाचा रिकामा कपसुद्धा मी आत नेऊन ठेवलेला नाही, ती ठेवूच देत नाही. मी शिकलेली बाई, अशा गोष्टी मला पटत नाहीत असं मी चारचौघांत सांगत आले. पण कप कधी उचलला नाही हेही खरं. म्हणजे सगळा मान माझ्याकडे, आणि तुम्ही दोघं तिच्याकडे.

आपल्या ग्रुपवर मी जुन्या अल्बममधले फोटो टाकते, प्रत्येकाखाली साल, गाव, कोण कुठे उभं आहे ते डावीकडून उजवीकडे लिहून. तुम्ही अंगठा दाखवता. ती आडव्या फोननं शेजाऱ्यांच्या शेळीचा व्हिडिओ काढते, शेजारीण तो टाकून देते, त्यात अर्धा वेळ तिचं स्वतःचंच बोट दिसतं, आणि तुम्ही लाल बदाम पाठवता. मी ते मोजले आहेत. एका शेळीला अकरा.

तर फेब्रुवारीत तू ग्रुपवर लिहिलंस की शाळेत प्रदर्शन आहे. आपलं कुटुंब जिथून आलं तिथल्या एखाद्या माणसाचा काम करतानाचा फोटो हवा, आणि तो घरातल्याच कुणीतरी काढलेला हवा. तुमच्या आईनं सुचवलं की धुळ्याच्या आठवडे बाजारात जुन्या वस्तूंच्या रांगेत एक म्हातारे भाऊ कॅमेरे विकायला बसायचे, अजून असतील तर बघा. तू लिहिलंस, "आजी आणि माय, तुम्ही दोघी एकेक फोटो काढा. शुक्रवारपर्यंत. मी त्यातला एक निवडीन."

एक निवडीन. हे वाचलं आणि मी उठून चष्मा पुसला.

मंगळवारी सकाळची एसटी धरली. एरंडोल, पारोळा मागे टाकत धुळ्याला उतरेपर्यंत मी फोटोचा विचार करून ठेवला होता. कॅमेरे ओळीत, लहानापासून मोठ्यापर्यंत. माणूस मधोमध. मागे गर्दी नको. स्टँडवर ती घ्यायला आली होती, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी बिबडे. ज्वारीचे ते पापड मला आवडतात हे तिला माहीत आहे. मी तिच्यासाठी काही नेलं नव्हतं.

पांझरेच्या बाजूच्या रस्त्यावर जुना बाजार भरतो. कुलपं, पंख्यांची पाती, चाकं नसलेल्या तीनचाकी सायकली, गिऱ्हाईक शोधणारे एकेकटे बूट. शेवटाला निंबाच्या सावलीत ते भाऊ सापडले. गोल टोपी, पांढरी दाढी, नाकावर घसरलेला चष्मा. समोर गोधडी पसरून तिच्यावर तीस-चाळीस कॅमेरे मांडलेले. काही कातडी घरात, काही उघडे, एकाचं तर भिंगच नव्हतं.

विहीणबाई थांबल्या. "तुम्ही पुढे व्हा," त्या म्हणाल्या. "पहिला मान तुमना."

मी पुढे झाले. भाऊंना सांगितलं की नातीच्या शाळेसाठी फोटो हवा आहे.

"काढा मॅडम," ते म्हणाले. "दर बाजाराला चार जण येतात, मोबाईलनं माझ्या कॅमेऱ्यांचे फोटो काढून जातात. कॅमेरा कोणी नेत नाही."

मी म्हणाले, "जरा मांडणी नीट करू का? फोटोत चांगलं दिसेल."

त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग माझ्याकडे, माझ्या पर्सकडे, छत्रीकडे पाहिलं आणि "करा" म्हणाले. मी छत्री बाजूला ठेवून खाली वाकले आणि पंधरा मिनिटांत सगळे कॅमेरे उंचीप्रमाणे लावले. शाळेत संमेलनाच्या फोटोला मुलांना लावायचे तसे. माझे गुडघे दुखले, पण ओळी सरळ झाल्या. भाऊंना मधोमध बसवलं, टोपी सारखी करायला सांगितली, आणि फोटो काढला. तीन काढले. तिन्हींत ते आधारकार्डाला बसल्यासारखे बसले आहेत. मी मनात म्हटलं, गंभीर आला आहे, प्रदर्शनाला शोभेल.

मग मी छत्री उघडून भाऊंच्या मागे, बाजूला उभी राहिले. आता पाळी तिची होती. पण तिनं फोन काढलाच नाही. ती सरळ गोधडीच्या कडेला मांडी घालून बसली, कारण भाऊंनी एक विचित्र काम सुरू केलं होतं. ते एकेक कॅमेरा उचलायचे, त्याची मागची झडप उघडायचे, कानाजवळ धरून बटण दाबायचे, 'खट' असा आवाज ऐकायचे, आणि मग तो उजवीकडे, डावीकडे किंवा मध्ये ठेवायचे.

"भाऊ, काय करी राह्यनात?" तिनं विचारलं.

"काही नाही अक्का." मला मॅडम, तिला अक्का. "हे दुकान नाही, दवाखाना आहे. उजवीकडे चालते-बोलते. मध्ये ॲडमिट. डावीकडे वारलेले. मॅडमनी सगळ्यांना एका पंगतीत बसवलं. आता पुन्हा नाडी बघतो."

माझ्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. सॉरी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "मग आधी सांगायचं ना." त्यांनी पुढचा कॅमेरा कानाला लावला. विहीणबाईंनी मात्र हात पुढे केला, "द्या मले बी," आणि एक कॅमेरा कानाला लावला. खट. "हाऊ जित्ता शे का?"

"आहे. पण धाप लागलीय त्याला. मध्ये ठेवा."

असं ते दोघं करत बसले. मी उभी. त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. ते नरडाण्याहून एसटीनं येतात, मुलगा तिथेच कारखान्यात लागला आहे, पूर्वी ते लग्नांचे फोटो काढायचे. तिनं त्यांना तुमची सगळी कुंडली सांगितली. "मनी नात परदेशमा शे. तिले जुना कॅमेरा भलता आवडतस." तुला जुने कॅमेरे आवडतात हे ती सांगत होती आणि ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं तू फक्त मोबाईलनं काढतेस. तू हे तिला कधी सांगितलंस? कोणत्या फोनवर? मी त्या वेळी कुठे होते?

तेवढ्यात भाऊंनी एक काळा डबा तिच्या मांडीवर ठेवला. जुना डबा-कॅमेरा, यात डोळा लावायचा नसतो, वरच्या काचेत मान खाली घालून बघायचं. त्या काचेत सगळं उलटं सरकतं. कॅमेरा डावीकडे न्यावा तर चित्र भलतीकडेच पळतं. मला हे माहीत होतं. मी सांगणार होते. पण तिनं मान खाली घातली, डबा इकडे केला, तिकडे केला, आणि एकदम म्हणाली,

"अय्या भाऊ, तुम्ही तं आमना डोकरागत करी राह्यनात! मी म्हणू इकडे, तं तुम्ही जातस तिकडे!"

डोकरा म्हणजे म्हातारा, तिचा नवरा, तुमचे धुळ्याचे नाना. ते जाऊन चार वर्षं झाली. ते खरोखरच तसे होते, उजवीकडे वळा म्हटलं की डावीकडे वळायचे.

भाऊ हसले. नुसते हसले नाहीत, त्यांची दाढी हलली, चष्मा नाकाच्या टोकावर आला, हातातला कॅमेरा त्यांनी पोटाशी धरला. "आमची ही पण हेच म्हणते," ते म्हणाले, आणि पुन्हा हसू लागले. विहीणबाईंनी डबा मांडीवर ठेवून पिशवीतून फोन काढला, तो जमेल तसा धरला आणि एकदाच दाबला. एकच फोटो. बघितलासुद्धा नाही कसा आला तो.

घरी गेल्यावर तिनं मला जेवायला वाढलं आणि फोन माझ्यासमोर ठेवला. "मले धाडता येस नही. शेजारीण गावले गई. तुम्ही टाका."

मी तो फोटो माझ्या फोनवर घेतला. मोठा करून बघितला. भाऊ हसत होते, चष्मा हवेत होता, हो, अक्षरशः नाकापासून सुटलेला आणि मांडीवर अजून न पडलेला. भोवती कॅमेरे, अर्धे लावलेले, अर्धे पसरलेले. फोटो वाकडा होता, खालून काढलेला. आणि मागे, त्यांच्या खांद्यावरून, छत्रीखाली मी. तोंड मिटलेलं, नाक आक्रसलेलं, नजर कॅमेऱ्याकडे नाही, भाऊंकडेही नाही. नजर खाली बसलेल्या तिच्याकडे.

मी तीस वर्षं वर्गातल्या पोरींचे असे चेहरे बघितले आहेत. दुसऱ्या पोरीचा निबंध वाचून दाखवला की पहिल्या बाकावरच्या पोरीचा होतो तो चेहरा.

"जळगावला गेले की दोन्ही एकदम पाठवते," मी म्हणाले. "नीट नावं घालून."

संध्याकाळी पिंप्राळ्याला पोचल्यावर मी माझा फोटो पाठवला. खाली गाव, वार, कोणी काढला, सगळं लिहिलं. तिचा पाठवला नाही.

बुधवारी पाठवला नाही. स्वतःला म्हटलं, वाकडा आहे, आधी सरळ करते. सरळ केला. मग म्हटलं, उगाच मागे माणसं दिसतात, कडा कापते. बोटानं चौकट आत ओढली आणि स्वतःला कापून टाकलं. भाऊ राहिले, चष्मा राहिला. पण आता ते एकटेच हसत होते, कशाला हसतायत कळेना. मी कापलेलं परत आणलं, आणि पुन्हा मी आले, त्याच तोंडानं. फोन पालथा ठेवला. गुरुवारी तू माझ्या फोटोखाली "नाइस, आजी" लिहिलंस. एक अंगठा. मी तो अंगठा दिवसभरात कितीदा बघितला ते लिहीत नाही. त्याखाली तू विचारलं होतंस, "मायचा येतोय का?" मी ते वाचलं आणि भाजी निवडायला घेतली.

शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला. पहिल्यांदा माझे गुडघे कसे आहेत ते विचारलं. मग म्हणाली, "विहीणबाई, तुमना फोटो भलता भारी शे. पोरीनी लिखेल शे ना, नाइस म्हणीसन. शेजारणीनी वाची दाखाडं."

मी हूं म्हटलं.

"मना तं हाली गया व्हई," ती म्हणाली. "तुम्ही टाका नही ते बरं करं. पोरं हासतीन मले."

तिला वाटलं होतं की तिचा फोटो हलला, बिघडला, आणि तुमच्यासमोर तिची फजिती होऊ नये म्हणून मी तो मुद्दाम मागे ठेवला. शिकलेली विहीण, समजूतदार. तिनं माझे आभार मानले. फोन ठेवताना "बिबडा खाधात का?" असंही विचारलं.

मी उभ्याउभ्याच तो फोटो तुला पाठवला. सरळ न केलेला, न कापलेला. खाली लिहिलं: फोटो, माय. बाकी एक अक्षर नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तू तो निवडलास. एका मिनिटात निवडलास, विचारसुद्धा केला नाहीस. तिकडे शाळेच्या भिंतीवर तो मोठा करून लावला आहे, खाली तिचं नाव आहे, आणि भिंतीवर भाऊंच्या खांद्यामागे मी कायमची अशी बघते आहे. तुझ्या बाई म्हणाल्या म्हणे की मागची स्त्री या चित्रात फार महत्त्वाची आहे. मी हे चार वेळा वाचलं. महत्त्वाची! तरी तो फोटो मी काढलेला नाही.

तुझ्या त्या प्रश्नानंतर मला बसवेना. काल पुन्हा धुळ्याला गेले. या वेळी पिंप्राळ्याच्या दुकानातून तिच्यासाठी शेव घेऊन गेले. ती दारात उभी. मी पायातली चप्पलसुद्धा न काढता सांगितलं, नाहीतर मी सांगितलं नसतं. "तो फोटो हलला नव्हता. चांगला होता, माझ्यापेक्षा चांगला होता. म्हणून मी ठेवून घेतला."

तिनं बोटांवर दिवस मोजले. "तीन दिवस?"

"तीन दिवस."

मला वाटलं ती रडेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. जाऊ द्या म्हणाली असती तर मला ते सहन झालं नसतं. ती आत गेली, बाजेवर जाऊन बसली, पाय वर घेतले, पदरानं वारा घेतला.

"मंग आते चहा तुम्ही करा," ती म्हणाली. "मी बसस."

म्हणून काल मी पहिल्यांदा तिच्या स्वयंपाकघरात गेले. तिच्या डब्यांवर नावं नाहीत. चहापत्ती शोधताना चार डबे उघडले, एकात तुमचे दुधाचे दात निघाले, कागदात गुंडाळलेले. तुमच्या आईनं तिला दिलेले असणार. मला कुणी एकही दिला नव्हता. मी कागद होता तसा परत गुंडाळला. साखर सापडली, पण किती घालायची ते कळेना. बाहेरून तिनं ओरडून सांगितलं, "तीन चमचा! तुमना सारखा फिक्का नको!"

चहाला उकळी येत होती तेव्हा तिचा फोन वाजला. तुम्ही होतात. आधी तुम्हा दोघांचं "माय!" ऐकू आलं. मग तुझा आवाज, "माय, आजी पण आलीये? कुठेय?"

"आजी चहा करी राह्यनी," ती म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून तुम्हाला काहीतरी सांगितलं. तुम्ही तिघं हसायला लागलात. खूप वेळ हसलात.

मी हातात गाळणं धरून उभी होते. ती आणखी काय सांगते ते नीट ऐकू यावं म्हणून मी गॅस बारीक केला.